जोडीचं दार

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दार कुणासाठी उघडतं? ताकद असेल त्याच्यासाठी? खरा असेल त्याच्यासाठी? की आणखी कुणासाठी? — मागच्या मावशी मान डोलवायला लागल्या बघा! अहो मावशी, मी अजून काही सांगितलंच नाही!

ऐका. खडकेवस्तीत केरबाअप्पा नावाचा म्हातारा. दोन मुलगे, दोन सुना, चुली वेगळ्या. आणि अप्पा? अप्पा पाळीवर! एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. हसता काय? स्वतःच्या घरात डोकावून बघा! थोरली सून सरजाबाई, धाकटी इंदू. दोघींची दारं एकाच सोप्यावर, समोरासमोर. पण वाटणीत पाट्या-वरवंट्यावरून बोलणं तुटलं, ते तुटलंच. सरजाबाईनं तर चारचौघींत सांगून टाकलं होतं — "त्या दारात मी चिमूटभर मागायला जायची न्हाई!"

गावच्या यात्रेत भंडारा झाला. अप्पांनी बासुंदी ओरपली. वाटीवर वाटी! बासुंदी होती आदल्या दिवशीची. सकाळ झाली आणि अप्पांच्या परसाकडं फेऱ्या सुरू झाल्या. निम्म्या गावाची तीच गत. दोन्ही मुलगे बैलं घेऊन बाजाराला गेलेले.

सकाळी पाळी इंदूची होती. तिनं साखरेचं दाट सरबत पाजलं. "अंगात ताकद नको व्हय?" जुलाब वाढले! दुपारी इंदूचा महिना भरला, पाळी बदलली. सरजाबाईनं ते सरबत मोरीत ओतलं आणि नुसतं मिठाचं पाणी सुरू केलं. का? तर तिची आई सांगायची, जुलाबात साखर म्हणजे विष! बरं, इंदूशी एक शब्द बोलावा? छे! अप्पांचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली.

सरजाबाई जिभेची तिखट, पण सासऱ्यावर तिचा जीव होता. नवी नवरी असताना माहेरच्या आठवणीनं रडली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा विरोध मोडून याच म्हाताऱ्यानं गाडी जुंपली होती. "चल पोरी, आईला भेटवून आनतो." आता ती त्यांचा हात हातात घेऊन बसली होती, आणि हात गार पडत चालला होता. बाई घाबरली.

एवढ्यात गावच्या आजाऱ्यांची विचारपूस करणारी, सरकारी दवाखान्याची आशाताई आली. जरीना तिचं नाव. तिनं अप्पांची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलेलं!

"काकी, लघवी कवा झाली?"

"सकाळधरनं न्हाई गं."

जरीनानं फोन लावून दवाखान्याची गाडी मागवली. पण गाडी तालुक्याहून यायची, रस्ता आपला तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्याजवळच्या जुलाबावरच्या पुड्या? गावानं केव्हाच संपवलेल्या!

"गाडी येईस्तोवर घरीच करा. लिटरभर उकळून गार केलेलं पानी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटघोट पाजत ऱ्हावा."

"मीठ पाजतेच हाय की!"

"नुसतं मीठ आत जात न्हाई, काकी!"

मंडळी, इथं जरा थांबा. मृदंगवाले बुवा, तुम्हीसुद्धा! देह हे नऊ दारांचं घर, असं आम्ही सांगत आलो. अहो, नऊ कसली? नुसत्या आतड्याला आतून कोट्यवधी पेशींचं अस्तर, आणि प्रत्येक पेशीला पातळ, तेलकट पडदा. त्या पडद्याला दारं! दुखण्यात मिठाची एरवीची दारं मिटतात. एक दार तेवढं चालू राहतं. त्याची अट काय? जोडीनं या! मीठ एकटं आलं — बाहेर. साखर एकटी आली — बाहेर. दोघं मिळून आली की दार उघडतं. मग पाणी? पाण्याला कुणी बोलवावं लागत नाही. मीठ-साखर जिकडे दाटली, तिकडे ते आपसूक ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा, ताटात पाणी सुटतं की नाही? तसंच! इंदूची दाट साखर आतड्यातच साठली, तिनं अंगातलं पाणी उलटं बाहेर ओढलं. हेतू दोघींचाही चांगला, आणि म्हातारा मरणाच्या दारात!

सरजाबाईनं साखरेचा डबा उघडला. रिकामा! साखर सगळी भंडाऱ्याला दिलेली. वाण्याचं दुकान बंद — वाणीसुद्धा फेऱ्याच घालत होता! उरलं समोरचं दार.

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. आत जावं? शब्द मोडावा? चारचौघी काय म्हणतील? — तेवढ्यात मागं अप्पा कण्हले. जीव कळवळला तिचा. कसला शब्द नि कसलं काय!

"इंदे! साखर दे गं वाईच!"

इंदू दाराआडच उभी होती. डोळे रडून लाल. "किती देऊ, बाई?"

"सा चमचे. सपाट. आन् तू बी ये. मला एकटीला धीर न्हाई."

एकीनं अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरी चमच्यानं पाजत राहिली. उलटी झाली. जरा थांबल्या, पुन्हा पाजलं. बऱ्याच वेळानं अप्पांनी डोळे उघडले. ओठ हलले. दोघी वाकल्या. आता म्हातारा काय बोलतो? आशीर्वाद देतो? देवाचं नाव घेतो?

अप्पा म्हणाले, "लघवी लागलीया."

अहो, काय आनंद झाला दोघींना! हसता काय? पोटात पाणी ठरलं, अंगात मुरलं, त्याची ती पावती! सरजाबाई इंदूच्या गळ्यात पडून रडली. पुढं गाडी आली, अप्पा दवाखान्यात गेले, धडधाकट होऊन परतले.

तर दार कुणासाठी उघडतं? आपलंच खरं म्हणून एकटा ताठ उभा राहील, त्याच्यासाठी नाही. सरजाबाई तर खोटीही नव्हती. अर्धी बरोबर होती! आपणही बहुतेक जण अर्धेच बरोबर असतो, आणि तेवढ्यावर जन्मभर भांडतो.

आता तुमच्याकडे वळतो. या मांडवात, त्या खांबापाशी एक आणि पार चपलांपाशी दुसरा, असे दोन सख्खे भाऊ मला इथून दिसताहेत. नाव घेत नाही. माना खाली घालू नका! तबक तयार आहे, कापूर तयार आहे. पण आरती मी सुरू करणार नाही. आधी उठा. एकमेकांपाशी जा, हात धरा आणि जोडीनं पुढं या.

या बाबांनो. मी थांबलोय.