अकरावी डॉक्टर आणि बिनडोक्याचा पेशंट

हॅलो?… ताई! अगं सहा वेळा फोन केला तुला, सहा! होतीस कुठे?… बरं, राहू दे ते. आधी सांग, चिमू क्लासला गेली का?… नाही ना अजून? चार वाजता ना? हुश्श. तिला पाठवू नकोस आज… अगं का ते सांगतेच. आधी माझं ऐक. ताई, मला आजार आहे!

…नाही गं, रडत नाहीये, हसतेय! आजार आहे मला! खराखुरा, नावासकट! कागदावर लिहून दिलंय, सही आहे, शिक्का आहे. नाव एवढं लांब की दोन ओळी लागल्यात. मला धड उच्चारता येत नाही अजून, पण येईल, सवयीनं येईल…

काय?… छे छे, जिवावरचा नाही… नाही, बराही होत नाही!… हो, हो, हसतच सांगतेय! अगं सात वर्षं, ताई. सात वर्षं रिपोर्ट नॉर्मल यायचा आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडायचे. लोक नॉर्मल आलं की देवाचे आभार मानतात, आणि मी म्हणायचे, अरे काहीतरी सापडू दे रे! आज सापडलं. दुकानात आल्या आल्या सगळ्यांना चॉकलेटं वाटली. एक बाई बाही उसवून घ्यायला आली होती, ती म्हणाली, काय, नातू झाला का? म्हटलं, नाही हो, आजार झाला. बिचारीनं चॉकलेट तोंडातच धरून ठेवलं, चघळावं की नाही तिला कळेना.

हो, हो… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगते.

आता डॉक्टरांचं कसं असतं, पहिला प्रश्न, कुठे दुखतं? आणि माझं उत्तर काय? इथे… नाही, इथे… परवा तिथे होतं. की त्यांचे डोळे चालले घड्याळाकडे. आधीच्या दहाही डॉक्टरांकडे हेच. मग एकानं सांगितलं छंद जोपासा, दुसऱ्यानं सांगितलं फिरून या कुठेतरी. बरोबर की नाही? म्हणून या वेळी म्हटलं, तोंडानं सांगायचंच नाही. आपला धंदा काय, तर मापं घ्यायची आणि खुणा करायच्या. मग करूया ना खुणा! आमच्या दुकानातला तो पुतळा आहे ना… तोच गं, ज्याच्यावर कपडा चढवून बघते मी… हो, बिनडोक्याचा. त्याच्यावर तीन महिने टाचण्या टोचल्या. जिथे दुखेल तिथे टाचणी. रोज दुखलं तर लाल, अधूनमधून दुखलं तर निळी.

…अगं तेच ना! पुतळ्याला हातपाय कुठे असतात! आणि माझी निम्मी दुखणी हातापायांत. मग उरलेल्या कापडाच्या चिंध्या भरून पाय शिवले. हात शिवले. हातमोज्यात कापूस कोंबून दहा बोटं केली, आणि प्रत्येक बोटाच्या पेरावर टाचणी… हसू नकोस… बरं, हस, हस. मीच किती हसलेय शिवताना.

आणि तो घेऊन गेले मी दवाखान्यात. बसनं!… हो, बसनं! खिडकीशी बसवला, मी कडेला. डोकं नाही, अंगभर टाचण्या, चिंध्यांचे पाय लोंबतायत. समोरच्या आजोबांनी दोन स्टॉप धीर धरला, मग म्हणाले, बाई, यांना कुणी केलं हो असं?… अगं खरंच! मी म्हटलं, हे म्हणजे मीच आहे. पुढच्या स्टॉपला उतरले ते. त्यांचा स्टॉप नव्हता, मला खात्री आहे.

दवाखान्यात काउंटरवरची मुलगी म्हणते, पेशंट कोण? म्हटलं, दोघांत जो जास्त आजारी वाटतो तो.

…हो गं, येते, मुद्द्यावर येते. डॉक्टरीणबाई वयानं लहान आहे, आपल्यापेक्षा बरीच लहान. मी पुतळा टेबलाशी उभा केला आणि गप्प बसले. ती उठली, ताई. खुर्चीवरून उठली! अकरा डॉक्टरांत पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी उठलं. पुतळ्याभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. मग वाकून त्याचे गुडघे बघितले. मी म्हटलं, संपलं, आता हीसुद्धा छंद सांगणार. तर ती म्हणते, तुम्ही सगळ्या टाचण्या जोडांवरच टोचल्या आहेत. म्हटलं, मुद्दाम नाही टोचल्या, जिथे दुखलं तिथे टोचल्या. म्हणते, तेच तर. खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा, पेर न पेर. मधे कुठे एक टाचणी नाही. मी म्हटलं, बाई, कपडासुद्धा उसवतो तो शिवणीवरच. ती हसली. म्हणाली, अगदी बरोबर बोललात, तुमच्या शिवणी सैल आहेत.

मग मला म्हणाली, अंगठा वाकवून मनगटाला लावा बघू. मी लावला. दोन्ही हातांचा. कोपर सरळ करा म्हणाली, ते सरळ होऊन पुढे उलटं गेलं. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला. तेही जमलं. मी म्हटलं, यात काय, आमच्या घरात हे सगळ्यांना येतं… हो ना? आई नाही का अंगठा उलटा करून आपल्याला घाबरवायची? मग तिनं पेन खाली ठेवलं, आणि सगळं समजावलं. सांधे जन्मापासूनच सैल, जागेवर राहत नाहीत, म्हणून स्नायू बिचारे दिवसभर आवळून धरतात, आणि मग ठणकतात. रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल. माझं मन ठिकाणावर होतं, ताई. सांधे नव्हते!

…हो, व्यायाम आहेत. हळूहळूचे, स्नायू घट्ट करायचे. म्हणाली, खूप फरक पडेल. अगं मला तेवढ्यावर नाचावंसं वाटलं, पण तिनं तेही जपून करायला सांगितलंय.

…आता ऐक, हसणं थांबव. हे घराण्यात असतं. आईला असणार. दुपारभर पडून असायची, सगळे म्हणायचे, नाटकी आहे. आपणही म्हणायचो. मला आज बसमध्ये त्याचंच रडू आलं, पुतळ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले… हो. हो गं. खरंच दुखत होतं तिचं.

आणि चिमू. ताई, चिमू रबरासारखी वाकते म्हणून तू तिला जिम्नॅस्टिक्सला घातलंस. सर म्हणतात, अशी मुलगी दहा वर्षांत बघितली नाही. आणि चिमू म्हणते, मनगट दुखतं, गुडघा दुखतो, आणि तुम्ही म्हणता कामचुकारपणा… नाही, नाही, दोष नाही देत तुला. तुला काय माहीत! मलाही काल माहीत नव्हतं… रविवारी स्पर्धा आहे, माहितीये मला. सर ओरडतील. ओरडू देत. आधी दाखवून तर घेऊ. नसेल तर सोन्याहून पिवळं, मी स्वतः तिला स्पर्धेला सोडायला येईन… फोन दे तिला. दे ना.

चिमू? मावशी बोलतेय. कुठे दुखतंय गं राणी?… हं… आणि गुडघे?… जिना उतरताना जास्त? हं… सर काय म्हणतात?… आणि तुला काय वाटतं?… ऐक, माझ्याकडे लक्ष दे. तू खोटं बोलत नाहीयेस. मला माहितीये. दुखतं म्हणजे दुखतं… रडू नको. बरं, रड थोडं. आज क्लास नाही, आईला मी सांगते. आण फोन आईकडे.

ताई, ऐकलंस?… काय?… एवढं तर सगळ्यांचंच दुखतं?… थांब. थांब जरा. एवढं म्हणजे केवढं?… सकाळी उठताना? पाठ?… बोटंही? रोज?… कधीपासून?… शाळेत असल्यापासून? अगं, आणि तू कधी बोलली नाहीस?… त्यात काय सांगायचं, काय! ताई… म्हणजे तू मला जे म्हणायचीस, मनावर घेऊ नकोस, कामाला लाग… ते तू स्वतःला म्हणत होतीस?

…नाही गं. सगळ्यांचं नाही दुखत… नाही, ताई, खरंच नाही. भाऊजी आहेत का घरात? विचार त्यांना. आत्ता विचार, मी थांबते. आज सकाळी उठलात तेव्हा काय काय दुखत होतं, असं विचार…

…काय म्हणाले?… "कशाला दुखेल?" असं म्हणाले?… हं.

ताई?… आहेस ना?… अगं बोल ना… हसतेस का रडतेस, मला काही कळत नाहीये… चालेल, दोन्ही कर. मी पण तेच करतेय सकाळपासून.

…हो, दोघींची नावं घालते मी. तुझं आधी, मग चिमूचं. दवाखान्यात तीनपर्यंतच फोन उचलतात, ठेव आता… काय, भांडी पडलीयेत? अगं भाऊजींना म्हणावं, तुमचं काही दुखत नाही ना, मग तुम्हीच घासा! ठेवते.