उंबरा भिजला नाही

दातांच्या दवाखान्यात गाल सुजलेल्या मास्तरांना बोलता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ते नुसतं ऐकत होते. शेजारी एक आजी, त्यापलीकडे ताठ बसलेले एक आजोबा.

“नोकरी कुठं केलीत?” आजींनी आजोबांना विचारलं.

“धरणावर. दरवाजे उघडायचे, लावायचे. तीस वर्षं.”

“अगं बाई! म्हणजे तो भोंगा?”

“मीच वाजवायचो.”

“मेल्या, सापडलास! त्या मोठ्या पावसात तीनदा वाजवलास. तिन्ही वेळा सासूला पाठीवर घेऊन टेकडी चढले मी. पाणी आलं का? उंबरासुद्धा भिजला नाही!”

“कसा भिजेल? धरण गळ्यापर्यंत भरलेलं. दोन दिवस दरवाजे वीत-वीत उचलून पाणी सोडत होतो. एकदम सोडलं असतं, तर उंबरा शोधायला समुद्रावर जावं लागलं असतं.”

“मग भोंगा कशाला?”

“वीत चुकली असती तर?”

“पण धरण शेतीसाठी, विजेसाठी, प्यायला. शाळेत मास्तरांनी एवढंच सांगितलं होतं.”

“पूर अडवला, हे दिसत नाही ना! न दिसलेला पूर हीच आमची कमाई, बाई.”

“सासू पुढं अकरा वर्षं जगली.”

“छान झालं.”

“तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तरी उपकार झाले हो. माझा नंबर दुसरा आहे, तुम्ही आधी जा.”

“माझा नववा. नवव्यालाच जाणार. पाणी असो की माणसं, एकदम सोडायची नसतात.”

“पहिला नंबर कोण?” आतून हाक आली.

मास्तर उठले. तोंड उघडेना, म्हणून आजोबांना हात जोडून आत गेले.