खालची पट्टी

(शिंदखेड्यात जयंतीच्या मंचामागे. भिका नाना पेटी मांडून बसलेत. समोर नात वृषाली आणि ढोलकीवाला प्रशील.)

वृषाली : नाही नाना, आज काळी पाचच्या पट्टीत मी गाणार नाही. खालची, काळी चार धरा.

नाना : पोरी, लोकं मंडपमा बशी गयात! आपली पार्टी पहिलापासून काळी पाचमाच गास. तीच आपली वळख शे.

वृषाली : ती ओळख माइक नव्हते तेव्हाची. आता वेशीपर्यंत कर्णे लागलेत, मी घसा कशाला फाडू?

नाना : जळगावना कॉलेजमा हाईच शिकाडतस का? थोडा जोर लाव, आवाज मोकळा व्हई जाई.

वृषाली : जोर लावून लावूनच बसला तो. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं मला. स्वरतंतूंवर गाठ धरायला लागली होती. महिनाभर गप्प राहिले, कुजबुजलेसुद्धा नाही. आता त्या म्हणतात, गा, पण ताणू नकोस. पुन्हा ताणला तर गाणं कायमचं जाईल.

प्रशील : नाना, ढोलकी तर काळी पाचले चढाडेल शे. काय करू?

नाना : थांब रे. वृषाली, तुन्ही आजी जनमभर काळी पाचमा गायी. तिले कधी डॉक्टर लागना नही.

वृषाली : आणि शेवटी शेवटी ती तुम्हाला हाक कशी मारायची?

प्रशील : वृषाली, जाऊ दे ना.

वृषाली : टाळी वाजवून. मला वाटायचं, तुमची दोघांची काहीतरी गंमत असेल. तिचा आवाजच उरला नव्हता, नाना.

नाना : आम्हले वाटे, वय व्हयनं. ज्येष्ठमध देऊत, आन् पुन्हा मंचवर उभी करूत.

वृषाली : मला तुमच्या वयापर्यंत गायचंय. आणि मी गाणार आहे. द्या सूर. का बोटांना सवय नाही म्हणून घाबरताय?

नाना : मी घाबरस? डोया झाकीसन वाजाडसू!

वृषाली : झाकू नका. वरच्या सुरावर जायची वेळ आली की माझ्याकडे बघा. मी मान हलवली तरच वर जायचं.

नाना : भलती शहाणी व्हई गई तू! प्रशील, ढोलकी उतार.

प्रशील : कितली उतारू?

नाना : माले काय इचारस? ती सांगी तितली.