राखलेली जागा

बुवा : मग त्या माउलीला मी आता काय सांगू? ‘बघतो, बघतो’ म्हणून माझी जीभ गुळगुळीत झाली.

ताई : सांगा की, बोटीवरचं नेटच कच्चं आहे.

बुवा : ते कालच सांगून झालं. तिचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर आहे. त्यानं तिला मेसेज धाडलाय, ‘आई, मी रोज फोन लावतो, पण तो नुसता थांबा, थांबा म्हणतो.’ नेट कच्चं असतं तर हा मेसेज तरी कसा आला असता?

ताई : बुवा, तुम्हाला कंपनीनं तक्रारी ऐकायला बसवलंय की वकिली करायला?

बुवा : ऐकता ऐकता वकिली येतेच गं अंगात. आणि ही काही एकटी नाही. सध्या सगळ्या तक्रारी छोट्या बोटींच्याच. मोठ्या जहाजांवरच्या माणसांच्या घरून एक चकार शब्द नाही. ती मंडळी खुशाल एकमेकांची तोंडं बघत बोलतात.

ताई : पण माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. ‘भेट’ हिरवी, ‘हाक’ हिरवी. या, स्वतः बघा.

बुवा : मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चेहरा दिसतो ती भेट आणि नुसता आवाज येतो ती हाक, एवढीच माझी मजल.

ताई : तेवढी पुरे. ते दोन वेगळे प्रोग्राम आहेत, आपापल्या कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे डबाच समजा, लागेल ते सगळं सामान आत भरलेलं. फोनांची गर्दी झाली की त्याच डब्याची आणखी एक प्रत उठते, मग आणखी एक. गर्दी ओसरली की मिटतात. कुणाच्या किती प्रती उठू द्यायच्या, कुणासाठी किती मेमरी राखायची, हे मी इथून एपीआयला, म्हणजे यंत्रणेच्या खिडकीवर, विनंती पाठवून ठरवते.

बुवा : म्हणजे कीर्तनात मागे साथ धरणारे. गाणाऱ्याचा दम तुटला की ते ओळ उचलतात.

ताई : तुमच्या सगळ्या वाटा शेवटी प्रवचनालाच जातात.

बुवा : जाऊ देत की. तिथं निदान कुणाला ‘थांबा’ म्हणत नाहीत. बरं, एवढं बघ, दुपारी बोटी उपग्रहाच्या टप्प्यात आल्या की हाकेच्या मागे ओळ उचलायला कुणी उभं राहतंय का?

ताई : राहतंच. मी नियमच लावलाय तसा. हे बघा, इथं... थांबा.

बुवा : आता तूही थांबाच म्हणायला लागलीस?

ताई : एकच प्रत चालू आहे. म्हणून हिरवं दिसतंय. बाकीच्यांना उठायला सांगितलंय, पण त्या उठलेल्याच नाहीत. ताटकळल्यात.

बुवा : का पण?

ताई : मशीनवर जागा नाही म्हणतंय.

बुवा : भरली असेल.

ताई : भरली कुठे? केवढी तरी मेमरी मोकळी बसलीय. मोकळी आहे, पण आधीच दुसऱ्याच्या नावावर लागलीय. तो वापरो न वापरो, हाकेला हात लावता येत नाही.

बुवा : हे तर आमच्या प्रवचनाच्या सभागृहासारखं झालं. पुढच्या रांगांवर पाहुण्यांसाठी रुमाल टाकून ठेवायचे. पाहुणे येतच नाहीत, आणि ज्यांना खरंच ऐकायचंय ती माणसं दाराबाहेर चपलांशेजारी उभी. एवढा मोठा रुमाल टाकला तरी कुणी गं?

ताई : नोंद उघडते, थांबा.

बुवा : अगं, कुणी टाकला?

ताई : मी.

बुवा : तू?

ताई : भेटसाठी. मेमरी वाढवली, किमान प्रतीही वाढवल्या. गर्दी असो नसो, एवढ्या जाग्या राहिल्याच पाहिजेत म्हणून. कुणी विचारलं नाही. मला विचारणार तरी कोण? विचारायचं काम माझंच.

बुवा : आपल्या ऑफिसच्या जावईबापूंसाठी? तुझ्या नवऱ्यासाठी?

ताई : तुम्हाला बरं लगेच कळलं.

बुवा : त्यांचं जहाज टप्प्यात आलं की तू पाण्याची बाटली भरायलासुद्धा उठत नाहीस. सगळ्या ऑफिसला कळतं.

ताई : मागे एकदा तो बोलता बोलता गोठला. अर्धवट हसताना. हात असा वर, कपाळावर इंजिनाचं काळं लागलेलं. मी ‘हॅलो, हॅलो’ करत त्या थिजलेल्या तोंडाकडे बघत बसले. फोन कटही होईना आणि पुढेही जाईना. दुसऱ्या दिवशी येऊन मी आकडे वाढवले. म्हटलं, पुन्हा असं नको. पण हाकेचं काय होईल ते बघायला हवं होतं. बघते मी, नेहमी बघते. त्या दिवशी नाही बघितलं.

बुवा : बरं बरं. डोळे पूस आधी. नवं मशीन नाही का मागवता येत?

ताई : तुम्ही रुमालाचं सांगत होतात तेव्हाच मागवलं. मंजुरी साहेब देणार, आणि साहेब विमानात.

बुवा : मग दुसऱ्या कुणाचं काढून दे. ते हवामानाचं बघतं ते?

ताई : ते चिमणीएवढं खातं. त्याचं काय काढणार?

बुवा : मग असं कर, आज तुझा फोन होऊ दे. बोलून घे पोटभर, आणि मग कमी कर. देव काही आकडे मोजत बसत नाही.

ताई : नाही जमणार, बुवा. उपग्रह एकच आहे. त्याचं जहाज दिसतं तेव्हाच त्या बोटी दिसतात. तो पुढे सरकला की दोघांचंही संपलं.

बुवा : उद्या आहेच की.

ताई : बोटींना आहे. त्याला नाही. आज रात्री त्यांचं जहाज मोठ्या समुद्रात शिरतंय. तिथं आपला उपग्रह पोचत नाही; पलीकडचा किनारा लागेपर्यंत चेहरा नाही, आवाज नाही. किनारा कधी लागणार ते कॅप्टनलासुद्धा सांगता येत नाही.

बुवा : अरे देवा.

ताई : आत्ता बदल केला तर भेटच्या प्रती एकेक करून बंद होणार आणि नव्याने उठणार. नेमकी त्याच्या फोनची वेळ. चित्र येईल की नाही, सांगता येत नाही.

बुवा : मी काही बोलत नाही. बोललो तर त्याचं प्रवचन होईल, आणि तुला आज ते नकोय.

ताई : त्या बाई कशा आहेत हो?

बुवा : कुठल्या? ती होय. मी कुठे पाहिलीय? फोन लावला की आधी खोकते, मग म्हणते, ‘साहेब, तुम्हाला त्रास द्यायला परत मीच.’ परवा म्हणाली, मुलाचा आवाज विसरायला होतंय, तर कंपनीत जुना एखादा भरून ठेवलेला मिळेल का. मी म्हटलं, माउली, आम्ही आवाज पोचवतो, साठवत नाही.

ताई : हे मघाशी का नाही सांगितलंत?

बुवा : मघाशी तू माझी वकिली काढलीस.

ताई : सरका जरा. कीबोर्डवर तुमची कोपरं येतायत.

बुवा : काय करतेयस?

ताई : भेट. किमान प्रती, निम्म्या. राखीव मेमरी, खरंच लागते तेवढीच. हाकेची किमान एक होती, ती वाढवते. उद्या कुणाला असाच उमाळा आला तर जमू नये म्हणून कमाल मर्यादासुद्धा घालून ठेवते.

बुवा : हात का थांबला?

ताई : थांबला नाही. आकडे परत वाचतेय.

बुवा : वाच बाई, वाच.

ताई : पाठवलं.

बुवा : झालं? एवढंच? मला वाटलं, काही तरी खडखडेल.

ताई : खडखडेल तो तुमचा फोन. बघा, हाकेची दुसरी उठली. तिसरी. आत शिरतायत लोक. बुवा, केवढे उभे होते हो बाहेर!

(थोड्या वेळानं बुवांचा फोन वाजतो.)

बुवा : वाजला! थांब, तीच आहे... नमस्कार, नमस्कार. काय म्हणता? लागला? अहो, मग रडताय कशाला? हसा की! काय बोललात दोघं? ... असं होय. नाही, नाही, मी काही केलेलं नाही. आमच्या एक ताई आहेत, त्यांनी. सांगतो. हो, अगदी असंच सांगतो. ठेवू?

ताई : काय म्हणाल्या?

बुवा : तुझ्या कपाळावरून हात फिरवला म्हणून सांग, म्हणाली.

ताई : आणि बोलणं? मुलाशी काय बोलल्या?

बुवा : त्यानं विचारलं, ‘जेवलीस का?’ हिनं विचारलं, ‘तू जेवलास का?’ मग दोघांनी मिळून त्याच्या मालकाला शिव्या घातल्या. मग संपलं.

ताई : एवढ्यासाठी एवढे दिवस...

बुवा : एवढंच तर असतं गं. बघ, तुझाही वाजतोय. मी जातो, चहाचं बघतो. आणि हे बघ, घाई करू नको. चहा मी सावकाश आणेन.

(बुवा बाहेर जाऊन दार ओढून घेतात.)

ताई : हॅलो? ऐकू येतंय?

इंजिनवाला : येतंय. तू दिसत नाहीस पण. नुसते चौकोन दिसतायत. एक चौकोन तुझ्या नाकासारखा आहे.

ताई : मला तेवढंही दिसत नाही. चित्र बंद कर, म्हणजे आवाज तरी टिकेल.

इंजिनवाला : आजच बिघडायचं होतं का? एरवी तुझ्या कानातल्याचे मणीसुद्धा मोजता यायचे.

ताई : बिघडलं नाही. मी कमी केलं.

इंजिनवाला : काय कमी केलं?

ताई : तुझ्यासाठी खूप जागा राखून ठेवली होती मी. त्यामुळे दुसऱ्यांचे फोन लागेनात. एक आई आहे, तिचा मुलगा छोट्या बोटीवर...

इंजिनवाला : हॅलो? तुटतंय. कोण बोटीवर?

ताई : एका आईचा मुलगा. मी तुझी जागा त्याला दिली.

इंजिनवाला : हं.

ताई : चिडलास?

इंजिनवाला : खरं सांगू? थोडा. आज दाढी केली होती मी. थंड पाण्यानं.

ताई : अरे...

इंजिनवाला : आता बाकीचे हसणार मला. जाऊ दे. त्या मुलाचा लागला ना फोन?

ताई : लागला.

इंजिनवाला : मग बरं केलंस. आमच्या खालच्या पाळीत एक पोऱ्या आहे, त्याची आई पण... हॅलो?

ताई : आहे मी. बोल.

इंजिनवाला : कुठे बसलीयस? खिडकीपाशी?

ताई : खिडकीपाशीच. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात. एक सारखी सुटू बघतेय.

इंजिनवाला : आणि तू?

ताई : मी काय?

इंजिनवाला : दिसत नाहीस तर सांग ना. केस?

ताई : कापले. खांद्यापर्यंत. तुला दाखवायचे होते.

इंजिनवाला : मला न सांगता?

ताई : दाखवायचे होते म्हणून तर सांगितलं नव्हतं.

इंजिनवाला : छान दिसत असतील.

ताई : तू कधी... तू बोल. दोघं एकदम बोललो की काहीच येत नाही इकडे.

इंजिनवाला : तू बोल. मी परत...

ताई : बघ, पुन्हा तुटलं. ऐक, उपग्रह सरकायला लागला. आता एकानंच बोलायचं.

इंजिनवाला : मग दोघंही नको बोलूया. फोन मात्र ठेवू नकोस.