उपडी वाटी

धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात दिपमाला शेळी धरून बसली होती. डॉक्टरांच्या खोलीतून मांजरीची टोपली घेऊन निघालेल्या जैन सासू-सुना तिच्या शेजारीच टेकल्या.

“गोळी तुपातून देतेच मी, मम्मीजी. पण किडनीच्या आजारात पाणी रात्रंदिवस समोर हवं म्हणाले. तिची वाटी तर सकाळी उपडी असते.”

“हळू बोल, चेलना. मीच करते उपडी.”

“तुम्ही?”

“दिवस मावळल्यावर आपण पाणी घेत नाही ना? वाटलं, घरातलाच जीव, तिलाही पुण्य मिळेल.”

दिपमाला उगाच शेळीचे कान चाचपू लागली.

“मग रात्रीची ती मोरीत काय करायची?”

“ओली फरशी चाटायची.”

“आणि तुम्ही?”

“मी उठून फरशी कोरडी पुसायचे.”