सवत रिटायर होते

हां, मागूनच ये बाळा, स्वयंपाकघरातून — पुढचं दार बंद आहे, रविवारपासून. बस त्या स्टुलावर. सिद्धेश ना तू, नेव्हीतला, फुलपाड्याचा? बोट रिटायर होते, तिचा झेंडा उतरवायला आमच्या मार्सेलनं विशाखापट्टणला यावं — हेच ना? कळलंय मला — अरे, नाव नको घेऊ तिचं! ह्या घरात तिचं नाव घेत नाही कुणी. सवत माझी ती.

इतिहास हवाय तिचा? माझ्याकडून घे. रणगाडे उतरवायची बोट — सरळ वाळूवर चढणार, तोंड उघडणार, रणगाडे बाहेर! शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवले किती? एक नाही! तांदूळ नेला, सिमेंट नेलं, वादळातली माणसं आणली — ते पुण्याचं काम, मी नाही कशाला म्हणू — आणि अंदमानला गाई नेल्या. एक वाटेतच व्याली. वासराचं नाव काय ठेवलं मार्सेलनं? क्लारा! माझंच नाव! वर घरी येऊन सांगतोय, कौतुकानं! आमच्या लेकीचा, लूर्डसचा बाप्तिस्मा झाला तेव्हा बाप कुठे? ओहोटीत, वाळूवर अडकलेला. वाळूवर चढायच्या आधी मागे नांगर टाकायचा, मग त्याचाच दोर ओढून बोट परत पाण्यात आणायची — हे त्याचं काम. सुट्टीवर आला तरी तेच, घरात पाय ठेवला की परतीची बॅग तयार! आणि रिटायर होऊन काय केलं? पुढचं दार बघ, जा — बोटीच्या तोंडासारखं, अख्खा टेम्पो आत येईल, खाली उतारसुद्धा. आमच्याकडे साधी सायकल नाही! सगळं नंदाखाल गाव हसलं, मीपण हसले. पण रोज सकाळी ते उघडायचा — धाडकन — आणि ओरडायचा, "क्लारा, किनारा आला!"

रविवारी तुमचा फोन आला, ती रिटायर होते म्हणून, तेव्हापासून दार उघडतच नाही. धड जेवत नाही, मागे केळीच्या बागेत जाऊन बसतो. नाही येत म्हणतो — ती भंगारात जाणार, ते मी काय बघू? मला वाटलं, बरं झालं, सुटले एकदाची. देवाशपथ वाटलं. आणि काल त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करायला घेतला तर मलाच रडू फुटलं. का? मला काय माहीत! हसतोस काय मेल्या? सवत असली म्हणून मयताला जायला नको?

दोन माणसं लिही. हो, मीपण. इतकी वर्षं अर्धा नवरा दिला तिला, एकदा तोंड तरी बघू दे तिचं. चल, नीघ आता, बस चुकेल — अरे मागून नको, थांब! मार्सेल! ओ मार्सेल! ये इकडे, दार उघड पुढचं — पाहुणा निघालाय, आणि आपल्यालापण निघायचंय!