आठशे त्रेसष्ट डॉलर तेहतीस सेंट

—नाही हो, फ्रिज आणि वॉशिंग मशीन इथंच राहणार, सहा महिन्यांसाठी मी ते कुठं हलवू? कपडे वाळत घालायचे बांबू मागच्या खिडकीशी आहेत, त्यातला एक जड आहे, तो तुमच्या सारंगरावांना लावायला सांगा, तुम्ही नका हात लावू. बसा की, चैताली. नाव चैतालीच म्हणालात ना? मी शामकांत, एजंटनं सांगितलं असेल. तो गाडी लावून येईपर्यंत वेळ आहे, आपल्या या सेम्बावांग भागात पार्किंग मिळतं पण हा माणूस प्रत्येक ठिकाणी सावली शोधतो. तुमचा इथला कामाचा पास किती वर्षांचा? — दोन. मग झालंच की. एचडीबीचा, म्हणजे इथल्या सरकारी घरांच्या खात्याचा, नियम आहे, फ्लॅट सहा महिन्यांपेक्षा कमी भाड्यानं द्यायचा नाही, आणि मलाही सहाच महिने द्यायचाय, कारण अमेरिकावाले एका वेळी त्याहून जास्त राहू देत नाहीत. सगळं कसं बरोबर बसलं बघा. चौदा तारखेचं तिकीट आहे माझं.

मुलाकडे चाललोय. अमेय. एकुलता एक. इथंच शाळा, इथंच दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीचं सैन्यात, मग तिकडे शिकायला गेला तो तिकडचाच झाला. ओहायोमध्ये टोलेडो म्हणून शहर आहे — तुम्ही ऐकलेलं नसणार, कोणीच ऐकलेलं नसतं, मोठं नाही आणि लहानही नाही, आपलं सांगली-कोल्हापूर समजा. आणि स्वस्त. किती स्वस्त म्हणाल तर ऐका, एका बेडरूमचं घर, गावाच्या जरा बाहेर, आठशे त्रेसष्ट डॉलर तेहतीस सेंट. अमेरिकन डॉलर, पण तरी. तुम्ही मला जे भाडं देणार त्यात त्याचं घर सुटतं, वर वीज आणि हीटिंगचे एकशे सत्त्याऐंशी सुटतात, आमच्या दोघांची अंडी-दूध सुटतं. म्हणजे मी तिथं फुकट खाणारा म्हातारा नसणार. बेडरूम मला, तो हॉलमध्ये झोपणार, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. तो म्हणाला, ओके लाह. लहानपणापासून इथल्या पोरांसारखं असंच बोलतो, त्यातून हो की नाही ते आपण समजून घ्यायचं.

सेंटसकट कसं माहीत म्हणताय? तो सेंटसकट सांगतो म्हणून. मी चीफ इंजिनिअर होतो ना, एकतीस वर्षं जहाजावर काढली, मग शेवटची आठ इथं जहाजदुरुस्तीच्या यार्डात. जहाजावरून रोज दुपारी बारा वाजता कंपनीला रिपोर्ट जातो — इंधन किती जळलं, वेग किती, टाकीत पाणी किती. खुशाली नसते त्यात, आकडे असतात, आणि आकडे बरोबर असले म्हणजे जहाज बरोबर आहे. घरी फोन करायचा तर बंदरात उतरून फोनचं कार्ड घ्यायचं, मिनिटं मोजून बोलायचं. गिरिजा, माझी मिसेस, तिला मी सांगून ठेवलेलं, आधी कामाचं बोल. ती नाही ऐकायची. तिचं आपलं कोण काय म्हणालं, भाजीत काय घातलं, आणि तोवर कार्ड संपायचं. अमेयशीही ती तशीच बोलायची, तासतासभर. मी पेपर वाचत बसायचो, शेवटी ती फोन माझ्या कानाला लावायची आणि मी म्हणायचो, ठीक ना? ठीक. चौदा महिने झाले तिला जाऊन. फोन माझ्याकडे आला. आता रविवारी सकाळी नऊला मी त्याला लावतो, आणि पहिल्याच रविवारी ठीक ना, ठीक, एवढ्यावर सगळं संपलं, म्हणून मी म्हटलं, तिकडे अंडी काय भावानं? त्यानं सांगितलं. मला हायसं वाटलं. तेव्हापासून मी विचारतो, तो सांगतो, मी डायरीत लिहितो. आमचं बरं चाललंय.

काय शोधताय फोनवर? — असं होय, प्रत्येक शहराचं काढून ठेवलंय कोणीतरी? राहायला काय खर्च येतो ते? वाचा बघू. टोलेडो. नाही, वाचा ना, मी डायरी काढतो. — अंडी डझन, तीन एक्केचाळीस. बरोबर. इंटरनेट, अडुसष्ट पंच्याहत्तर. बरोबर, हे बघा, मागच्या महिन्यात लिहिलंय. दूध एक लिटर, एक डॉलर चार. एक बेडरूम, शहराबाहेर —

परत वाचा. आठशे त्रेसष्ट तेहतीस?

सरासरी म्हणजे? लोक येऊन आपापलं भरतात आणि ते भागाकार करतात. हां. म्हणजे तिघांनी भरलं असणार. तीननं भागलं की तेहतीस सेंट उरतात. कुठला घरमालक भाड्यात तेहतीस सेंट मागतो हो? मला वाटलं, पोरगा काटेकोर आहे. बापावर गेलाय.

आणि दूध. चैताली, अमेरिकेत दूध लिटरनं मिळतच नाही, गॅलननं मिळतं. ह्यूस्टनला, बाल्टिमोरला मी स्वतः ते कॅन उचलून आणलेत. मला माहीत होतं हे. तो वर्षभर मला लिटरचा भाव सांगत होता आणि मी लिहून घेत होतो. जहाजावर असे असायचे काही, थर्ड इंजिनिअर वगैरे, खाली इंजिनरूमच्या गेजपर्यंत जायचंच नाही, वरच बसून अंदाजानं रीडिंग भरायचं. मी लांबून ओळखायचो. नुसत्या वहीकडे बघून ओळखायचो, आणि उभं करून विचारायचो, खाली गेला होतास का.

नको, पाणी नको. मला काही झालेलं नाही. वाटायला हवं काहीतरी, पण वाटत नाहीये, खरं सांगतो.

ज्याचं घर आहे त्याला भाडं वेबसाइटवर बघावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. मेतकूट, गोडा मसाला पाठवला तेव्हा म्हणाला, विवेकच्या पत्त्यावर पाठवा, आमच्या इथं पार्सलं चोरीला जातात. विवेक त्याचा मित्र. मी तीनदा त्या पत्त्यावर पाठवलं. मी येतो म्हटलं तर आधी म्हणाला मे महिन्यात या, मग म्हणाला ऑगस्टनंतर, मग मीच तिकीट काढून टाकलं, नॉन-रिफंडेबल, आणि त्याला आकडा सांगितला, तर ऐकू येत नाही म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं लाइन गेली. नोकरी गेली असेल. काहीतरी गेलंय. त्या विवेककडे पडून असेल बाहेरच्या खोलीत, आणि मी चौदा तारखेला दोन बॅगा घेऊन उतरलो असतो तर त्यानं मला कुठं नेलं असतं? तुम्ही सांगा. तुम्ही त्याच्याच वयाच्या असाल. — खोटं नाही बोलला हो तो. मी विचारलं ते त्यानं सांगितलं. अंड्यांचा भाव विचारला, अंड्यांचा भाव सांगितला. दुसरं मी काही विचारलंच नाही. चौदा महिने. गिरिजा असती तर पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं असतं, त्याच्या हॅलोवरूनच कळलं असतं, आणि मी पेपर वाचत बसलो असतो.

एजंट आला वाटतं. नाही, ती खोली नका उघडू. राहू द्या. ती अमेयची आहे. घर द्यायचं नाही मला, आज नाही आणि नंतरही नाही, तुमची फेरी फुकट गेली, त्याबद्दल माफी मागतो. बुकित बातोक भागात बघा, तिकडे मिळेल, सारंगरावांना ऑफिसही जवळ पडेल. एजंटला काय सांगाल? — सांगा, भाडेकरू ठेवायचा नाहीये, मुलगा घरी येतोय. — नाही, अमेयला अजून माहीत नाही. दार ओढून घ्या जाताना, मला फोन करायचाय.